जखम भरतो कोण?

वसई तालुक्यातील वटार व त्याच्या आसपासची गावे ही वाड्यांची गावे होत. तेथील शेतकऱ्यास एक गोष्ट लहानपणापासून ठाऊक असते. घड न धरलेली केळ कोयत्याने छाटली, तर एकदोन दिवसांत त्या कापलेल्या तोंडातून मधला कोवळा गाभा वर आलेला दिसतो. त्याच कोयत्याने शेतकऱ्याचे बोट कापले, तर तो बोटास चिंधी गुंडाळतो आणि पुन्हा कामास लागतो. काही दिवसांत तेथे नवी कातडी येते. समुद्रकाठच्या खडकांतील खेकड्याची नांगी तुटली, तर तो कवच टाकतो तेव्हा तिच्या जागी लहानशी नवी नांगी दिसू लागते. भिंतीवरील पाल शेपूट टाकून पळते व तिला दुसरे शेपूट फुटते. ह्या गोष्टी इतक्या नित्याच्या आहेत की, त्यांत काही विचार करण्याजोगे आहे असे आपणांस सहसा वाटत नाही.

तथापि ह्याच नित्याच्या गोष्टींवर आज पुष्कळ तरुण स्त्रीपुरुष आपले आयुष्य खर्च करीत आहेत. जखम कशी भरते, काहींची का भरत नाही, आणि गेलेले मांस व कातडी पुन्हा उगविता येईल काय, हे प्रश्न मुंबई-पुण्याच्या व परदेशाच्या प्रयोगशाळांत रात्रंदिवस विचारले जात आहेत. ह्याविषयी आपल्या मंडळ्यांत दोन प्रकारची मते ऐकू येतात. कोणी म्हणतात, “शरीर देवाने घडविले; ते पुन्हा घडविण्याचा हव्यास मनुष्याने धरू नये. प्रार्थना करावी व स्वस्थ राहावे.” दुसरे, विशेषतः शहरात शिकून आलेले, म्हणतात, “आता सर्व काही विज्ञान करते. ह्यात देवाचे काम उरले कोठे?” ही दोन मते एकमेकांच्या उलट दिसतात, परंतु दोहोंचे मूळ एकच आहे. देवाचे काम जेथे संपते तेथे मनुष्याचे सुरू होते, आणि मनुष्याचे वाढले की देवाचे घटते, असा दोघांचाही समज आहे. हा समज खरा आहे काय, हे आम्हांस आज वाचकांबरोबर तपासून पाहावयाचे आहे.

प्रथम जखम भरते कशी ते पाहू. कातडी फाटताच रक्तातील सूक्ष्म कण त्या जागी गोळा होऊन रक्त गोठवितात, आणि दार बंद होते. मग रक्तातील पांढऱ्या पेशी येऊन घाण व जंतू खाऊन टाकतात. ह्याच वेळी जखम लाल होते, सुजते व ठणकते. त्यानंतर तळाशी नव्या बारीक रक्तवाहिन्या व नवे तंतू तयार होतात, आणि कडेच्या कातडीच्या पेशी दोन्ही बाजूंनी सरकत मध्ये येऊन भेटतात. वरून जखम बरी दिसू लागली, तरी आतील तंतू ताणून घट्ट बसविण्याचे काम पुढे कित्येक महिने चालू असते. इतके करूनही वण राहतो. त्या वणावर केस उगवत नाहीत, घाम येत नाही, आणि त्याचे बळ मूळच्या कातडीच्या सुमारे चार-पंचमांशांहून अधिक कधी होत नाही.

ह्या सर्व कामात वैद्याचा हात कोठे आहे? तो एकही पेशी निर्माण करीत नाही. तो घाण धुतो, जंतू मारतो, मेलेले मांस काढतो, जखम झाकतो, तिजवर दाब पडू देत नाही. म्हणजे अडथळे दूर करतो. प्रभूने वाढणाऱ्या बीचा जो दृष्टांत सांगितला, त्यात शेतकरी बी पेरून निजतो व उठतो, आणि अंकुर कसा फुटतो ते त्यास कळत नाही. परंतु म्हणून त्याने नांगरू नये, तण काढू नये, असे प्रभूने कोठे सांगितले? हिज्कीया राजा मरणास टेकला असता देवाने त्याची प्रार्थना ऐकली व त्यास आयुष्य दिले. तरी त्याच्या गळवावर अंजिरांचे पोटीस बांधावयास यशयानेच सांगितले. ज्यास आयुष्य देण्याचे वचन मिळाले होते त्यासही मलमपट्टी वर्ज्य नव्हती. देव जेथे कार्य करितो तेथेच मनुष्यास काम असते, हा ह्यातील बोध होय.

आता शोधाच्या इतिहासाकडे वळू. 1740 साली आब्राम त्रांब्ले नावाचा जिनीव्हा शहराचा एक तरुण हॉलंडात एका सरदाराच्या मुलांचा शिक्षक होता. त्याचे वय अवघे तीस वर्षांचे. डबक्यातील पाण्यात त्यास नखाहूनही लहान असा एक जीव आढळला. तो वनस्पती आहे की प्राणी, हे ठरविण्याकरिता त्याने त्याचे दोन तुकडे केले. दोन्ही तुकड्यांचे पूर्ण जीव झाले! ह्या जीवास आज हायड्रा म्हणतात. ही वार्ता ऐकून युरोपातील पंडित गोंधळून गेले. प्राण्याचे दोन प्राणी होतात, तर त्याच्या जीवाचेही दोन भाग झाले काय? असे असेल तर आत्मा म्हणून काही आहे काय? अशा शंका उठल्या. त्रांब्लेने मात्र जे डोळ्यांस दिसले ते जसेच्या तसे लिहिले, आणि ज्यांस शंका आली त्यांजकडे ते जीव पाठवून दिले की, स्वतः पाहा. त्याचा विश्वास ह्यामुळे ढळला नाही. म्हातारपणी त्याने निसर्ग व धर्म ह्यांविषयी मुलांस शिक्षण देणारा ग्रंथ लिहिला. सृष्टीत जे खरोखर आहे ते पाहिल्याने सृष्टिकर्त्याचा अपमान होत नाही, हे त्यास कळले होते.

हाच हायड्रा आपल्या महाराष्ट्रातही आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. सुरेंद्र घासकडबी व त्यांचे विद्यार्थी ह्यांनी पुष्कळ वर्षे त्याचा अभ्यास केला, आणि तेथे अभ्यासिलेल्या हायड्रास शास्त्रीय वाङ्मयात पुण्याचेच नाव जोडलेले आहे. पुढे पुण्याच्या आयसर संस्थेतही हे काम झाले. तुटलेल्या तुकड्यास आपले डोके कोणते व पाय कोणता हे कसे कळते, हा त्यांचा प्रश्न. मनुष्यास हायड्राप्रमाणे नवे अंग फुटत नाही. परंतु आपले यकृत कापले तरी वाढून पूर्ववत आकाराचे होते, आणि लहान मुलाच्या बोटाचे टोक तुटले, पण नखाचे मूळ शाबूत राहिले, तर ते टोक पुष्कळदा पुन्हा येते. पालीला जे नवे शेपूट येते त्यात मूळचे मणके नसतात, कूर्चेची नळी असते. म्हणजे ही देणगी कोणास अधिक, कोणास उणी अशी वाटलेली आहे. ती तशी का, हे विचारणे म्हणजे देवाच्या घरात चोरून शिरणे नव्हे. त्याने उघड्यावर मांडून ठेविलेले ते वाचणे होय.

परंतु वाचणाऱ्याने खरे वाचले पाहिजे. तरुण संशोधकाची खरी नैतिक परीक्षा येथेच होते. 1537 साली आंब्रवाझ पारे नावाचा एक तरुण फ्रेंच शस्त्रवैद्य लढाईवर होता. बंदुकीच्या जखमा विषारी असतात, म्हणून त्यांत उकळते तेल ओतावे, असे त्या काळच्या मोठमोठ्या ग्रंथांचे म्हणणे होते. एके दिवशी तेल संपले. पारेने नाइलाजाने अंड्याचा बलक, गुलाबाचे तेल व टर्पेंटाइन ह्यांचे मलम लाविले. त्या रात्री त्यास झोप आली नाही; आपण ह्या माणसांस विषाने मरू दिले, ही भीती त्यास वाटत होती. पहाटेच उठून तो पाहावयास गेला. मलम लाविलेले शिपाई बरेच शांत निजले होते. तेल ओतलेल्यांच्या जखमा सुजल्या होत्या व त्यांस ताप भरला होता. मोठ्यांच्या ग्रंथाविरुद्ध एका अननुभवी पोराने तोंड उघडावे काय? पारेने उघडले. जे पाहिले ते सांगितले, आणि बरे करण्याचे श्रेय पुढेही तो देवासच देत राहिला.

असेच आपल्या काळाजवळचे एक उदाहरण आहे. जखम उघडी ठेवून वाळू द्यावी, तिजवर खपली धरू द्यावी, असे आपण सर्व मानीत आलो. 1962 साली जॉर्ज विंटर ह्या संशोधकाने डुकरांच्या कातडीवरील उथळ जखमांवर प्रयोग करून दाखविले की, झाकून ओलसर ठेविलेल्या जखमेवर नवी कातडी उघड्या जखमेच्या सुमारे दुप्पट वेगाने येते. नव्या पेशींस खपलीखालून वाट काढावी लागते. ओलाव्यावरून त्या सहज सरकतात. पिढ्यान्पिढ्यांची समजूत एका साध्या, प्रामाणिक मोजणीपुढे टिकली नाही.

ह्या वाटेवरील तरुणांस मोह थोडे नसतात. बेताची शिष्यवृत्ती, वर्षानुवर्षे फळ न देणारे प्रयोग, घरच्यांचे “कमावणार कधी?” हे विचारणे, आणि पुढील नेमणूक मिळण्याकरिता काहीतरी छापून आणण्याची घाई. अशा वेळी जे दहांत सहा वेळा घडले ते दहाही वेळा घडले असे लिहिणे फार सोपे असते. परंतु त्या खोट्या आकड्यावर विसंबून उद्या कोणाच्या तरी पायास पट्टी बांधली जाते. आमच्या खेड्यांतील प्रचारक बंधूंस ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही. जे पाहिले नाही त्याची साक्ष देऊ नये, हा नियम व्यासपीठावर जितका लागू तितकाच प्रयोगशाळेतही.

खोटी साक्ष कधी कधी मांसाविरुद्धही दिली जाते. कुष्ठरोग्याचे मांसच सडके, त्यावर जखम भरणार नाही, असे जग शतकानुशतके मानीत आले. डॉ. पॉल ब्रँड हे मिशनरी आईबापांच्या पोटी 1914 साली तामिळ प्रदेशात जन्मले. 1946 साली ते वेल्लोरच्या मिशन इस्पितळात आले, तेव्हा तिशी नुकतीच ओलांडलेले होते. त्यांनी रोग्यांच्या जखमा प्लास्टरमध्ये बंद करून जपल्या, आणि पाहिले तो त्या इतर माणसांच्या जखमांसारख्याच भरून आल्या! मांस निर्दोष होते. रोगाने फक्त वेदना नेली होती. त्यामुळे रोगी भाजला, कापला, तरी त्यास कळत नसे व तो त्याच जखमेवर चालत राही. काहींची बोटे रात्री उंदीर कुरतडीत, तरी त्यांस जाग येत नसे; म्हणून रोग्यांस मांजरे पाळावयास दिली गेली. हे वाचून आम्हांस दोन गोष्टी सुचतात. आपण जिला शाप म्हणतो ती वेदना देवाने ठेविलेली राखणदार आहे. आणि ज्यास समाजाने सडका म्हणून गावाबाहेर काढले, त्याच्या अंगी बरे होण्याचे तेच सामर्थ्य देवाने ठेविले होते जे आपल्या अंगी आहे. हा शोध वैद्यकाचा खरा, परंतु बहिष्काराविरुद्ध ह्याहून प्रभावी उपदेश क्वचितच झाला असेल.

आता पुढचा प्रश्न असा की, हे ज्ञान कोणाकरिता? 1975 साली अमेरिकेत मनुष्याच्या कातडीच्या पेशी काचपात्रात वाढविण्याची रीत सापडली, आणि पुढे तशा वाढविलेल्या कातडीने मोठ्या भाजलेल्या जखमा झाकता आल्या. हे थोर कार्य होय. परंतु त्यास खर्च फार, आणि चुलीवर किंवा स्टोव्हवर भाजणारी स्त्री बहुधा गरीब असते. हे ओळखून मुंबईत डॉ. मनोहर केसवानी ह्यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी भाजलेल्या जखमांकरिता वापरली व 1985 साली तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पुढे शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी केळीच्या पानाची पट्टी तयार केली. तिचे निष्कर्ष 2003 साली प्रसिद्ध झाले. पान मेणचट असल्यामुळे जखमेस चिकटत नाही; ते बदलताना रोगी ओरडत नाही; आणि त्याचा खर्च फारच थोडा. ज्या पानावर वटारच्या घरांत जेवण वाढावे, तेच पान भाजलेल्याच्या अंगावरचे सौम्य वस्त्र झाले! येथे एक सूचना अवश्य द्यावीशी वाटते. रुग्णालयातील पट्टी वाफेने निर्जंतुक केलेली असते. वाडीतील पान तोडून तसेच जखमेवर बांधू नये. भाजल्यास प्रथम स्वच्छ थंड पाणी ओतावे व रुग्णालय गाठावे.

हे ज्ञान कोणाची मालमत्ता होऊ शकते काय? 1995 साली अमेरिकेत हळदीने जखम बरी करण्याच्या उपयोगावर एक पेटंट दिले गेले. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे प्रमुख असताना, जुन्या ग्रंथांचे पुरावे दाखवून त्यास हरकत घेतली, आणि 1997 साली ते रद्द झाले. नव्या श्रमास मोबदला मिळावा हे न्याय्य आहे. परंतु जे सर्वांस फुकट मिळालेले आहे त्यास कुंपण घालणे हे न्याय्य नव्हे. ज्याने जखम भरण्याची शक्ती श्रीमंताच्या व गरिबाच्या कातडीत सारखीच ठेविली, त्याची इच्छा ह्या बाबतीत काय असेल, हे सांगावयास टीकाकार नको.

कोणी विचारील, “उद्या वणही राहणार नाही, गेलेले अवयवही येतील, मग मनुष्य मरणास जिंकील काय?” नाही. भरलेली जखम घेऊनही मनुष्य एक दिवस मातीस मिळतो. आणि आणखी एक गोष्ट आहे. मरणातून उठलेल्या प्रभूचे शरीर पूर्ण गौरवी होते, तरी त्याच्या हातांवर व कुशीत जखमांच्या खुणा होत्या. थोमास त्याच खुणांवरून ओळख पटली. ज्याने लाजरास उठविले त्यास त्या खुणा पुसणे कठीण होते काय? ह्यावरून कळते की, वण म्हणजे नेहमीच उणीव नव्हे. प्रीतीने सोसलेल्याची ती साक्षही असते. म्हणून संशोधकाने वण पुसण्याची रीत शोधावी, आणि मंडळीने वण असलेल्या मुखाकडे पाहून मान फिरवू नये. ही दोन्ही कामे एकाच धन्याची आहेत.

प्रिय वाचकहो, ह्या कार्यात खेड्यातील मंडळीचा वाटा काय? आमच्या मते तीन गोष्टी आपल्या हाती आहेत.

पहिली, पाय पाहणे. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार भारतात 10 कोटींहून अधिक लोकांस मधुमेह आहे. ह्या रोगातही पायाची वेदना जाते व जखम भरत नाही. कुष्ठरोग्यांची गोष्ट येथे पुन्हा घडते. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले. प्रचारकाने घरभेटीस गेल्यावर वृद्ध मधुमेह्यास “तळवे पाहिले काय?” इतके विचारले, तरी एखादा पाय कापण्यापासून वाचेल.

दुसरी, त्वचादान. शीवच्या रुग्णालयात 2000 सालापासून त्वचापेढी आहे. नवी मुंबईत ऐरोली येथेही आहे. मृत्यूनंतर सुमारे सहा तासांच्या आत मांड्या, पाय व पाठ ह्यांवरील कातडीचा केवळ पातळ वरचा थर घेतात. देह विद्रूप होत नाही. हे कातडे भाजलेल्याच्या अंगावर कायम राहत नाही, परंतु त्याची स्वतःची कातडी येईतो तेच त्याचे रक्षण करते. काही बांधवांस वाटते की, पुनरुत्थानाच्या दिवशी देह अपुरा राहील. बंधूंनो, समुद्रात बुडालेल्यांस व अग्नीत जाळलेल्या हुतात्म्यांस जो उठविणार, त्याचे सामर्थ्य आपल्या मांडीच्या कातडीवाचून अडेल काय? ज्यास दोन अंगरखे असतील त्याने ज्यास नाही त्यास एक द्यावा, असे योहान बाप्तिस्ता सांगत असे. हा तर असा अंगरखा आहे की, ज्याची आपणांस गरजच उरलेली नसते.

तिसरी, आपल्या तरुणांस मोकळे सोडणे. एखादी मुलगी जीवशास्त्र शिकून “मला संशोधनास जावयाचे आहे” असे म्हणाली, तर लग्न व पगार ह्यांचेच प्रश्न तिजपुढे ठेवू नयेत. चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टांतात आपण तेल व द्राक्षारस ओतणाऱ्या त्या प्रवाशाचीच स्तुती करितो. परंतु तो दुसऱ्या दिवशी दोन नाणी देऊन पुढे गेला. मागे राहिलेल्या जखमी मनुष्याच्या पट्ट्या रोज बदलल्या त्या उतारशाळेच्या रक्षकाने. त्याचे नाव कोणास ठाऊक नाही, आणि त्याचे काम दिसण्यासारखेही नव्हते. आज सूक्ष्मदर्शकापुढे बसलेली तरुण मुले त्या रक्षकाच्या जागी आहेत. अधिक खर्च झाल्यास परत आल्यावर देईन, असे त्यास जो बोलला, त्याच्या वचनावर त्यांनीही विसंबून असावे.

मग जखम भरतो कोण? भरणारा देव, परंतु ती धुण्याचे, झाकण्याचे, जपण्याचे व तिजविषयी खरे ते शोधण्याचे काम त्याने आपल्या हाती दिले आहे. जो हे काम टाळून केवळ प्रार्थना करितो, तो रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने निघून गेलेल्या याजकासारखा आहे. आणि जो हे काम करून देवास विसरतो, तो अंकुर आपणच फोडला असे समजणाऱ्या शेतकऱ्यासारखा आहे. ह्या दोहोंपासून प्रभू आपणांस राखो, आणि आपल्या हातांस काम व हृदयास नम्रता देवो.